विलायती सूर्य आणि रोडपालीचं डालगं

‘सूर्य पूर्वेला उगवतो आणि दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो.’ जूनमध्ये नवा वर्ग हाती आला की हे वाक्य मी मुलींकडून एकदा म्हणवून घेते. सगळ्या एका सुरात म्हणतात. मग मी फळ्यावर लिहिते : ‘चुका तीन.’ शुद्धलेखनाच्या असतील असं समजून मुली वाक्य पुन्हा वाचू लागतात.

पहिली चूक पूर्वेची. सूर्य नेमका पूर्वेला वर्षातून दोनच दिवस उगवतो. पनवेलकरांना हे समजायला पुस्तक नको, परसदार पुरे. संक्रांतीच्या सुमारास तो इर्शाळच्या सुळक्याकडून वर येतो, उन्हाळ्यात सरकत सरकत माथेरानच्या डोंगराच्या डावीकडे जातो. दुसरी चूक बाराची. आमच्या गावात त्या काळी मुंबई टाइम आणि स्टँडर्ड टाइम अशा दोन वेळा चालत, आणि त्यांत पाऊण तासाला थोडं कमी इतकं अंतर. सूर्याला विचारलं असतं तर त्याने कोणत्याच घड्याळाची बाजू घेतली नसती. तिसरी चूक डोक्यावरची. पनवेलला सूर्य अगदी डोक्यावर येतो तोही वर्षातून दोनदाच : एकदा मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, आणि एकदा जुलैत, ढगांच्या मागे. म्हणजे तो येऊनही मुलींना दाखवता येत नाही. मे ते जुलै या दोन भेटींच्या मधल्या दिवसांत तो दुपारी चक्क उत्तरेकडे असतो. हे ऐकून मुलींच्या घरचे लोक मला भेटायला येत. बाई ठीक आहेत ना, हे पाहायला.

मी मुलींच्या वर्गाला गणित आणि भूगोल शिकवते. भूगोलातला हा धडा सर्वांत अवघड, कारण दिसतं ते एक आणि पुस्तकात असतं ते दुसरं. पृथ्वी फिरते हे सगळ्या मुलींना पाठ असतं. पण आपल्या अंगणातून पाहिलं तर फिरतो सूर्यच. तो कसा फिरताना दिसतो हे आधी नीट पाहावं आणि मग पृथ्वीकडे वळावं, अशी माझी पद्धत. त्यासाठी आभाळ वर्गात आणावं लागतं.

आभाळ म्हणून मी बऱ्याच वस्तू वापरून पाहिल्या. पातेल्याच्या आतून बाहेरचं काही दिसत नाही. छत्रीच्या काड्या मध्ये येतात. शेवटी यमुनाने प्रश्न सोडवला. यमुना रोडपालीची, आगऱ्यांची मुलगी. वडील मिठागरावर कामाला. रोज खाडीकाठच्या वाटेने चालत शाळेत यायची आणि आल्याबरोबर बोलायला लागायची. ती म्हणाली, “बाई, आमच्याकडं डालगं हाय. कोंबऱ्या झाकायचं. आत बसलं का समदं बाहेरचं दिसतं.”

“तू आत बसली होतीस?”

“ल्हानपनी. आयेनं झाकली होती. लय बोलते म्हनून.”

दुसऱ्या दिवशी ते भलंमोठं बांबूचं डालगं डोक्यावर घेऊन ती वर्गात आली. बाहेरून मी त्यावर तीन तारा वाकवून बांधल्या : एक डिसेंबरच्या सूर्याची वाट, एक मार्च आणि सप्टेंबरची, एक जूनची. तारा किती कलवायच्या हे गावावर अवलंबून असतं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो, तितकं आभाळाचं कलंडणं. पनवेलला ते एकोणीस अंश आहे. हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरा, त्याहून किंचित कमी. या तारांवर एक लाल मणी सरकवायचा. तो सूर्य. आणि बघणाऱ्याने खालून डोकं आत घालायचं. एकेक मुलगी आत जाई आणि बाहेर येताना तिचा चेहरा बदललेला असे. काहींचा सूर्य समजल्यामुळे, काहींचा कोंबड्यांच्या वासामुळे.

पंधरा दिवसांनी यमुनाची आई बाजारच्या दिवशी थेट वर्गाच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

“बाय, तुमचं आभाल घ्या काडून नि माजं डालगं द्या. कोंबऱ्या समद्या गावान हिंडतान.”

मी तिला बाजारातून नवं डालगं घेऊन दिलं. जाताना तिने माझ्या तारा निरखून पाहिल्या आणि यमुनाला म्हणाली, “शिक बाय. तुजा बापूस बोललाय, वर्ग हाय तवर जा. वर्ग बंद झाला का मिठागरावं.”

हे ती सहज बोलली, पण वर्ग बंद होण्याची गोष्ट खरीच होती. मुलींच्या वरच्या वर्गाला जागा नव्हती. आम्ही एका धर्मशाळेच्या दक्षिणेकडच्या पडवीत बसत होतो, आणि धर्मशाळेच्या मंडळींना पडवी दिवाळीपर्यंत परत हवी होती. शाळा कमिटीने ठरवलं होतं की तोवर खोली झाली नाही तर हा वर्ग बंद. खोली देऊ शकणारा माणूस गावात एकच तयार होता, म्हणजे अर्धा तयार होता : कमिटीचे अध्यक्ष बापूशेठ.

बापूशेठची भाताची गिरणी होती. शिक्षण चौथीपर्यंत, पण बुद्धी तल्लख. तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो कोणत्या गावच्या शेतातला हे सांगत. त्यांची एकच कमजोरी : वस्तू मुंबईहून आली की चांगली, आणि मुंबईला विलायतेहून आली की उत्तम. त्या वर्षी मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या एका दुकानातून शाळेसाठी सूर्याचं यंत्र आणलं. चकाकतं पितळ, वाटोळी पितळी जमीन, तिच्यावर कमानी, फिरवायला मूठ. महिन्याचा काटा लावला की सूर्य त्या महिन्याच्या वाटेने फिरे, आणि सूर्याच्या पोटात बॅटरीचा दिवा. जमिनीच्या कडेला पाटी : मातोश्रींच्या स्मरणार्थ.

शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात यंत्राचा समारंभ ठरला. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं.

“बाई, यंत्र मुलींकडून नीट चालवून घ्या. शेठजी खूश झाले तर खोली तिथल्या तिथे जाहीर करतील. तसं म्हणालेत मला.”

मी यंत्र घरी नेलं आणि कोनमापक लावून मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग यजमानांना मोजायला लावलं. ते कारकून, आकड्यांत चुकत नाहीत. उत्तर तेच आलं : साडेएक्कावन्न अंश. हे लंडनचं आभाळ होतं. यंत्राप्रमाणे डिसेंबरातला दिवस आठ तासांचाही नव्हता, आणि भर जूनमध्येही दुपारचा सूर्य दक्षिणेलाच लटकत होता. कल बदलायला कुठे स्क्रूही नव्हता. ज्याने बनवलं त्याला कुणी ते पनवेलला आणेल असं वाटलं नसावं.

मी हेडमास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “सूर्य सगळीकडे एकच ना?”

“सूर्य एकच. आभाळ वेगळं.”

“मग समारंभ होईपर्यंत आभाळाचं नाव काढू नका. आणि ते कोंबड्यांचं डालगं कुठेतरी आत ठेवा.”

समारंभाच्या आदल्या दिवशी बापूशेठ व्यवस्था पाहायला आले. खुर्च्या कुठे मांडायच्या, असं लक्ष्मण शिपायाने विचारलं. दुसरा कुणी असता तर त्याने अंगणाकडे पाहिलं असतं. बापूशेठनी यंत्र मागवलं. काटा जूनवर लावला, पितळी जमिनीवर मधोमध स्वतःची काडेपेटी उभी केली, “ही धर्मशाळा,” म्हणाले, आणि मूठ फिरवून सूर्य दुपारवर आणला. काडेपेटीची सावली उत्तरेला पडली. खिशात नमुन्याचे तांदूळ असायचेच. त्यांतले दाणे काढून त्यांनी त्या सावलीत ओळीने ठेवले.

“हे पाहुणे. हा मी. लक्ष्मण, खुर्च्या उत्तरेच्या अंगणात टाक.”

“व्हय शेठ. जानेवारीतबी तितंच टाकल्या होत्या. लय गार होतं,” लक्ष्मण म्हणाला. म्हणजे यंत्र आणि अनुभव दोन्ही एका बाजूला झाले.

मी म्हणाले, “शेठजी, जूनमध्ये आपल्याकडे जरा—”

“बाई, हे विलायतेहून आलंय.”

“तेच म्हणतेय मी.”

हेडमास्तर खोकले. मी यंत्राचा विषय सोडला. पण छत्री आणा असं मात्र शेठजींना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “पाऊस अजून गोव्यातही नाही.”

ते खरं होतं. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि समारंभाच्या दिवशी आभाळात औषधालाही ढग नव्हता. मुली नेहमीप्रमाणे दक्षिणेच्या पडवीत, छपराखाली. मधलं दार उघडलं की उत्तरेचं अंगण समोर. पाहुणे दहालाच येऊन बसले आणि दहालाच ऊन त्यांच्या अंगावर आलं. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य उगवतो उत्तरेच्या अंगाने, चढतो उत्तरेच्या अंगाने आणि मावळतोही त्याच अंगाने. उत्तरेच्या अंगणाला दिवसभरात सुटका नाही. लक्ष्मणने खुर्च्या भिंतीकडे एक हात सरकवल्या. पुन्हा एक हात. प्रार्थना संपेपर्यंत गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन एका ओळीत बसली होती. वळचणीची सावली इतकी थोडी की फार तर शेंड्यांना मिळाली असती. बापूशेठ मध्यभागी, काळी टोपी आणि बंद गळ्याचा कोट घालून. घामाने कोटाचा रंग काखेत बदलत होता.

यंत्र बाहेर आणलं. यमुनाने मूठ फिरवायची आणि दुसरीने पाठ केलेलं वर्णन म्हणायचं असं ठरलं होतं. सूर्य दुपारवर आला आणि वर्णन म्हणणारी म्हणाली, “आता सूर्य दक्षिणेकडे आहे.”

बापूशेठनी वर पाहिलं. डोळे मिटले. यंत्राकडे पाहिलं. मग पडवीत गारव्याला बसलेल्या मुलींकडे पाहिलं.

“बाई, सूर्य दक्षिणेला आहे, तर दक्षिणेला बसलेल्या पोरी सावलीत कशा? आणि मी उत्तरेला बसून भाजतोय कसा?”

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. मला डोळ्यांसमोर खोली दिसत होती, खिडक्यांसकट. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात यमुना बोलली.

“शेठ, ते यंत्र विलायतचं हाय. तितं जाऊन बसलात तर सावली मिलंल.”

मागच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

“कोण गं तू?”

“यमुना. रोडपालीची.”

“म्हणजे माझं यंत्र खोटं?”

“खोटं नाय, शेठ. तिकडं खरं हाय.”

बापूशेठनी कपाळ पुसलं. “आणि इकडचं खरं कुठेय?”

यमुना आत पळाली. हेडमास्तर इतके खोकले की कुणीतरी त्यांना पाणी दिलं. ती डालगं डोक्यावर घेऊन आली आणि शेठजींच्या पुढ्यात उभी राहिली. “आत मुंडी घालावी लागल, शेठ. भायरून नाय समजत.”

मी म्हणाले, “शेठजी, राहू द्या, मी कागदावर—”

पण बापूशेठनी टोपी काढून शेजारी बसलेल्या मामलेदारांच्या मांडीवर ठेवली होती. शाळा कमिटीच्या अध्यक्षांवर रोडपालीचं कोंबड्यांचं डालगं उतरलं आणि ते कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आत गेले. शास्त्राच्या दृष्टीने त्यांचं डोकं अगदी हवं तिथे होतं. यमुनाने त्यांचं तोंड पूर्वेला वळवलं आणि मणी जूनच्या तारेवरून सरकवायला लागली.

“उगावला, शेठ. दिसला?”

“दिसला,” आतून आवाज आला. “डावीकडे आहे.”

“डावीकडं मंजे माथेरानच्या पल्याड. आता वर चराया लागला. आता दुपार. कंच्या बाजूला हाय?”

डालग्याखालचा कोट डावीकडे वळला.

“उत्तरेला,” आतून आवाज आला. “अरे, उत्तरेलाच आहे हा!”

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत एक तांबूस पीस अडकलं होतं. ते त्यांना सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. त्यांनी टोपी घेतली, पिसावरच घातली, सर्वांना नमस्कार केला आणि निघून गेले. खोलीचा शब्द निघाला नाही. पन्हं तसंच राहिलं, ते आम्ही मुलींना वाटलं.

हेडमास्तर मला म्हणाले, “खोली गेली, बाई. कोंबड्यांच्या टोपलीत गेली.” मग यमुनाकडे वळून म्हणाले, “तुला कुणी विचारलं होतं?”

“शेठनी,” यमुना म्हणाली. आणि विचारलं होतं हे खरंच.

पुढचे दिवस वाईट गेले. धर्मशाळेचे लोक पडवी मोजून गेले. दोन मुलींच्या आयांनी पुस्तकं परत आणून दिली, बंदच होणार तर उगाच कशाला, म्हणून. यमुना येत होती, पण बोलायची कमी झाली होती. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मुलींना गप्प बसा म्हणून ओरडले आहे. ती गप्प बसली तर वर्ग रिकामा वाटतो, हे मला तेव्हा समजलं.

मग एका सकाळी बापूशेठ गवंड्याला घेऊन पडवीशी हजर झाले. चेहरा उन्हाने रापलेला.

“बाई, पाऊस पडेपर्यंत रोज दुपारी गिरणीच्या खळ्यात काठी उभी करून बघत होतो. रोज सावली दक्षिणेला. मुनीम घरी सांगून आला, शेठना ऊन लागलंय म्हणून. मी म्हटलं, माल पारखल्याशिवाय घ्यायचा नाही. पितळेचा घेतला, तिथे फसलो.” मग त्यांनी पडवीत नजर टाकली. “ती रोडपालीची कुठेय? तिला म्हणावं, चल. खिडक्या कुठे, पडवी कुठे, तू सांग. आणि आईच्या नावाची पाटी अशा भिंतीवर पाहिजे की बारा महिने ऊन पडेल.”

यमुना उठून उभी राहिली. “मंग पूर्वेच्या भिंतीवर, शेठ. उत्तर-दक्षिनेची ऊनं बदलतान. पूर्वेला रोज सकाली येनारच.”

“हेडमास्तर, हिचं नाव पटावरून काढायचं नाही. मला भर सभेत विलायतेला पाठवलंय हिने. आता शिक्षण पुरं होईस्तो सोडणार नाही.”

“गनितबी?” यमुनाने विचारलं.

“गणित आधी.”

पायाच्या दिवशी बापूशेठनी दोरी कुणाच्या हातात दिली नाही. “पूर्व मीच धरणार,” म्हणाले. मी बाजूला उभी होते. दोरी जरा रस्त्याच्या अंगाने गेल्यासारखी मला वाटली, पण त्या दिवशी पाऊस होता, सावली नव्हती, आणि सावलीशिवाय बोलायची मला सवय नाही. दिवाळीच्या आत खोली उभी राहिली आणि वर्ग वाचला. पितळी यंत्र कपाटात गेलं. इंग्लंडचा धडा आला की मी ते काढते. तिथे ते अगदी बिनचूक आहे.

एक अडचण उरली होती. वर्ग सातवीपर्यंतच होता. आठवी सुरू करायची तर शेजारी आणखी एक खोली हवी. यमुनाचा बाप पुन्हा तेच म्हणाला होता : वर्ग असला तर जाईल.

मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होतात त्या दिवशी मी मुलींना एक गंमत करायला लावते. अंगणात काठी उभी करायची आणि सकाळपासून तिच्या सावलीच्या टोकावर थोड्या थोड्या वेळाने खडूचा ठिपका द्यायचा. एरवी ठिपक्यांची वाकडी ओळ होते. त्या एका दिवशी ती सरळ येते, आणि ती रेघ म्हणजे नेमकी पूर्व-पश्चिम. नव्या खोलीसमोरच्या फरशीवर, दक्षिणेच्या भिंतीला लागून, यमुनाने ठिपके दिले आणि पट्टीने जोडले. मग तिने मान वाकडी केली. रेघ भिंतीच्या एका टोकाला बोटभर अंतरावर होती आणि दुसऱ्या टोकाला हातभर. मी कोनमापक लावला. भिंत पूर्वेपासून चार अंश ढळली होती.

नेमके तेव्हाच बापूशेठ गवंड्याला घेऊन आले.

“बाई, दुसऱ्या खोलीचं बघायला आलोय. गवंडी म्हणतो, याच भिंतीची रेघ पुढे न्यायची. मी म्हटलं, ही बरोबर असेल तरच नेऊ, नाहीतर यंदा राहू दे. बरोबर पूर्वेला आहे ना? मी स्वतः दोरी धरली होती.”

हेडमास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोनमापकाकडे पाहिलं. खोटं मला येत नाही, आणि खरं बोलायला तोंड उघडत होते, तेवढ्यात यमुना शेठजी आणि रेघ यांच्या मधे येऊन उभी राहिली.

“एकदम बरोबर हाय, शेठ,” ती म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाहत पाहत उजव्या पायाने खडूची रेघ पुसायला लागली.